तीन पुस्तकांचा पहिला धडा

आमच्या ह्यांना कारखान्यात मोजपट्टी म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याचं मला एकदा तोंड गोड करायचं आहे.

औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात हे बावीस वर्षं फिटर आहेत. कानामागे पेन्सिल, खिशात टेप. तीनदा मोजल्याशिवाय एक भोक पाडणार नाहीत. लोखंडाच्या कामात हा गुणच आहे, मी नाही म्हणत नाही. चुकीच्या जागी पाडलेलं भोक काही परत बुजत नाही. पण हा माणूस चपलाही अशाच घेतो. घरातलं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं हे ठरेपर्यंत आमची लेक पहिलीतून तिसरीत गेली. लग्नाचंसुद्धा मीच विचारलं होतं. ह्यांच्या भरवशावर राहिले असते तर आज माहेरी भावजयीची बोलणी खात बसले असते.

दोन वर्षांपूर्वी बाटल्या भरायचं मोठं मशीन बंद पडलं. मशीन जर्मन, म्हणून तिकडून इंजिनियर आला. खालचं बेअरिंग गेलंय हे ह्यांना नुसत्या आवाजावरून पहिल्याच तासाला कळलं होतं. पण सांगणार कसं? बोट दाखवलं, कानाला हात लावला, मूठ गरगर फिरवून दाखवली. त्या माणसाने हसून ह्यांच्या हातात बॅटरी दिली, उजेड धरायला. चार दिवस हे बॅटरी धरून उभे. पाचव्या दिवशी तेच बेअरिंग निघालं. त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत.

"अगं, मला कळलं होतं," एवढंच म्हणत राहिले. "मला पहिल्या तासाला कळलं होतं."

मला इतकं वाईट वाटलं की मी भांडीही आवाज न करता घासली.

म्हणून गेल्या वर्षी साहेबांनी फळ्यावर सूचना लावली तेव्हा ह्यांच्यापेक्षा मीच जास्त हरखले. जर्मन, जपानी, इटालियन, तिन्हीपैकी कुठल्याही भाषेची पहिली परीक्षा जो फिटर पास होईल त्याला मशीन बनवणाऱ्या कंपनीत तीन महिने शिकायला पाठवणार. पुढे बाहेरून कुणी इंजिनियर आला की त्याच्याशी बोलायचं कामही त्याचंच. जागा एक, मुदत आठ महिने. सहा मशिनांपैकी चार जर्मन, एक जपानी, एक इटालियन. आता ह्यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे, सांगा! ह्यांनी स्वतःच त्या दिवशी चहाच्या सुट्टीत सांगितलं होतं, "जर्मनच घ्यावी. चार मशिनं आहेत."

मग घरी आले आणि म्हणाले, "तरी एकदा तपासून घेतो."

एक जाड वही आणली. पट्टीने रकाने आखले. अक्षरं किती, शब्द किती लांब, शिकवणी घरापासून किती लांब, कोणतं मशीन वर्षात कितीदा बंद पडतं. ह्या शेवटच्या रकान्याने घात केला. इटालियन मशीन एकच, पण नाठाळ. बाकी पाचांनी मिळून दिला नसेल एवढा ताप ते एकटं देतं. म्हणजे खरी गरज इटालियनची! दोन आठवडे घरात इटालियन. मग मोठ्या भावजींचा फोन आला. भावजींना विचारा अगर विचारू नका, त्यांचं मत तयारच असतं. "जपानी घे. पुढची सगळी मशिनं तिकडूनच येणार." भावजींची आयुष्यभर गाठ कापडाच्या दुकानाशी. पण ह्यांनी चौथा रकाना पुसला आणि पाचवा आखला.

तिन्ही पुस्तकं घरात आली. तिन्हींचा पहिला धडा ह्यांनी केला. तुलना करायला हवी ना! सकाळी दाढी करताना एका भाषेत नमस्कार, जेवताना दुसऱ्या भाषेत माझं नाव अमुक, झोपताना तिसऱ्या भाषेत तुम्ही कसे आहात. मी कशी होते ते मला विचारू नका. लेक म्हणाली, "बाबा, कुठलीही घ्या, पण घ्या." त्यावर हे म्हणाले, "अगं, पहिली खूण चुकली की पुढचं सगळं तिरकं जातं." पाच महिने गेले. मी रुसले, ओरडले, एकदा वही पिठाच्या डब्यात लपवली. ह्यांनी ती शोधली, झटकली आणि पीठ पडलेल्या रकान्यांची नवी पानं केली.

शेवटी एका रविवारी वही मिटून म्हणाले, "ठरलं. जर्मन."

मला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून परीक्षेचा अर्ज भरायला गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, अर्जाची मुदत गेल्या गुरुवारीच संपली. ही एक तारीख कुठल्याच रकान्यात नव्हती. हे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. मी म्हणायला नको होतं ते म्हणाले. "आता मोजा, किती दिवस उशीर झाला ते." हे म्हणाले, "चार." खरंच मोजले होते हो त्यांनी!

निकाल लागला त्या संध्याकाळी ह्यांच्याच पाळीतला फिटर घरी आला. चाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप. जेवतो घाईत, चालतो घाईत, म्हणून सगळे त्याला घाईमास्तर म्हणतात. ह्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिला होता तो.

"उस्ताद, पास झालो! तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे कसं?"

"तुम्हीच नाही का चहाला म्हणालात, जर्मन घ्यावी? म्हटलं, मोजपट्टीने मोजलंय, आता आपण कशाला डोकं चालवा. दुसऱ्याच दिवशी शिकवणीला नाव घातलं."

हे हसले. चांगलं झालं म्हणाले, मनापासून म्हणाले. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. राग घाईमास्तरचा नव्हताच.

साहेब म्हणाले, आणखी एकाला पाठवायचं पुढच्या वर्षी बघू. त्यावर ह्यांनी वही पुन्हा काढली. "आता जर्मन बोलणारा एक झाला, म्हणजे दुसऱ्याने जपानी..." मी तिथून उठून गेले.

आणि परवा तेच मोठं मशीन पुन्हा बंद पडलं. तोच इंजिनियर आला. घाईमास्तर जर्मनीला जायचा होता पुढच्या महिन्यात, अजून इथेच होता, म्हणून बोलायला तोच उभा. ह्यांनी मशीनला कान लावला आणि म्हणाले, "वरच्या पट्ट्याची कप्पी हललीये." घाईमास्तरने ते अडखळत, हातवारे करत जर्मनमध्ये सांगितलं. इंजिनियरने कप्पी उघडली. खरंच हललेली होती. तासाभरात मशीन सुरू झालं. इंजिनियर खूश झाला, पुढे आला आणि त्याने हात मिळवला, घाईमास्तरशी.

"मग? तुम्ही कुठे होता?" मी विचारलं.

"तिथेच," हे म्हणाले. "बॅटरी धरून."

आठ महिने टोमणे साठवून ठेवले होते मी. एकही बाहेर काढला नाही. हे उठले, वही माळ्यावर टाकली आणि जर्मनचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. पहिल्या धड्याची पानं हाताळून काळी पडली होती. दुसऱ्याची कोरी करकरीत. दुसऱ्या धड्यात पहिलाच प्रश्न होता, तुम्ही काय काम करता? खाली उत्तराला दोन रिकाम्या ओळी. ह्यांनी बराच वेळ शब्द जुळवले, ओठ हलवले, माझ्याकडे पाहिलं.

"चुकेल गं."

"चुकू दे."

त्यांनी सवयीने कानामागची पेन्सिल काढली. मी ती हातातून काढून घेतली आणि पेन दिलं.