माझ्या नावाचा टीव्ही गेम

मी जुने टीव्ही गेम गोळा करतो, हे धुळ्यात फारसं कुणाला सांगत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पालक मला नमस्कार करतात. अशा माणसाच्या कपाटात पुस्तकांच्या मागे पिवळ्या कॅसेटींची रांग आहे हे कळलं, तर नमस्कार चालू राहील, पण त्यात थोडं हसू मिसळेल.

सुरुवात केली तेव्हा हा छंद फार स्वस्त होता. भंगारवाला या कॅसेटी प्लास्टिकच्या भावात तोलून द्यायचा. एकदा काटा बरोबर यावा म्हणून त्याने वरून टीव्हीवरची बदकं मारायची बंदूक टाकली होती. आज तोच भंगारवाला कॅसेट हातात घेतली की आधी मोबाईल काढतो, फोटो मारतो, कुठेतरी पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत माझ्याशी पावसापाण्याचं बोलतो. उत्तर आलं की बोलणं बंद. "सर, याचे बाराशे होतील." काटा आता तो पत्र्यासाठीच वापरतो.

हे ज्ञान त्याला कुठून मिळालं याचा विचार केला, तेव्हा थोडा हात माझाही निघाला. मोबाईलवर आमचा संग्राहकांचा एक गट आहे. त्यात पुण्याचे, नाशिकचे, इंदूरचे लोक आहेत. मिळालेल्या वस्तूंचे फोटो किमतीसकट टाकून आम्ही एकमेकांना शाबासकी देत गेलो, आणि ती शाबासकी बघत बघत सगळ्या भंगारवाल्यांचं शिक्षण झालं. शिकवणं हा माझा व्यवसायच आहे.

आमच्या खान्देशात अस्सल कंपनीचं मशीन लहानपणी कुणीच पाहिलेलं नव्हतं. आम्ही खेळलो ते सगळं नकली. एका कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेले असायचे आणि आत असायचे अकरा. पूर्वी गटावर या नकली मालाला कुणी हात लावत नसे. मग अस्सल परवडेनासं झालं आणि मंडळींना अचानक नकलीत गोडी वाटू लागली. आता तर त्या जुन्या नकलीची नवी नक्कलही बाजारात आली आहे. त्यामुळे रोज एखादा फोटो येतो आणि खाली वाद रंगतो: ही अस्सल नकली आहे की नकली नकली? शिकलेली माणसं स्क्रूचा रंग बघून निकाल देतात. खेळत मात्र कुणी नाही. पुण्याचे एक गृहस्थ सीलबंद खोकीच घेतात. आत कोणता गेम आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते उघडल्याशिवाय कसं कळणार? आणि उघडलं तर किंमत निम्मी."

मला यातलं काही नको होतं. मला हवं होतं एकच मशीन, आणि ते माझं होतं.

माझं लहानपण भडगावचं. वडील बाजार समितीत हमाल होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी असलेल्या अक्काची शाळा सातवीनंतर सुटली आणि दोन-तीन वर्षांनी ती साड्यांना पिको-फॉल करू लागली. मी सहावीत असताना तिने कमाईतून घरात टीव्ही गेम आणला. आमच्या गल्लीतला तो पहिला. पुढे मी जळगावला बी.एस्सी. झालो, घरातला पहिला पदवीधर. आणि शिक्षक झाल्यापासून दर निरोप समारंभात, दर शिक्षकदिनी मी मुलांना सांगत आलो की, स्वतःची शाळा सुटलेल्या बहिणीने भावाचं बालपण सुटू नये म्हणून शिलाईच्या पैशांतून त्याला खेळ आणून दिला. इथे माझा आवाज दाटून यायचा. मुली डोळे पुसायच्या. गुणवंत मुलांच्या पालकांना ते भाषण विशेष आवडायचं.

भाषणात एक गोष्ट मी सांगत नसे. कॉलेजला निघालो तेव्हा ते मशीन मी पाचोऱ्याला स्टेशनजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकलं आणि त्या बदल्यात टेबललॅम्प घेतला. अभ्यासू मुलगा दिसायचं होतं. अक्काने दिलेली वस्तू मी दिव्यासाठी दिली, हे मला पुढे वीस वर्षं टोचत राहिलं. ती परत मिळवून तिच्या हाती द्यायची, एवढ्यासाठी मी या गटात शिरलो होतो.

या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी गटावर एक फोटो आला. जळगावच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातलं मशीन. लाल-पांढरं, आमच्यासारखंच, पण तशी हजार असतील. भाव साडेचार हजार. पुण्याचे गृहस्थ लगेच तयार झाले. मग कुणीतरी पाठीमागचा फोटो मागितला. तो आला आणि गटावर हशा उसळला.

मशीनच्या पाठीवर विजेच्या सुईने नाव कोरलेलं होतं, तांब्यावर, परातीवर कोरतात तसं. आधी माझं पूर्ण नाव, वडिलांसकट, आडनावासकट. मग गाव. जागा संपल्यामुळे 'भडगा' एका ओळीत आणि 'व' खालच्या ओळीत.

लगेच आठवलं. आमच्याकडे भांडी घेतली की त्यावर नाव टाकून घेतात, नाहीतर लग्नकार्यात परतच येत नाहीत. मायच्या दृष्टीने घरात किमती वस्तू आली की तिचं भांडंच होतं. भांडीवाल्याच्या दुकानात नाव टाकणारा आला तेव्हा ती हंड्याबरोबर हे मशीनही घेऊन गेली होती. प्लास्टिक वितळल्याचा वास कित्येक दिवस जात नव्हता.

गटावर लिहून येत होतं : कुण्या अडाण्याने वस्तूची वाट लावली. पुण्याच्या गृहस्थांनी माघार घेतली. दुपारपर्यंत भाव दोन हजारांवर आला. गटावर मला सगळे नुसतं 'सर' म्हणतात, त्यामुळे ते नाव माझं हे कुणाला कळलं नाही. रविवारी पहिल्या एस.टी.ने जळगाव गाठलं.

दुकान एका चाचांचं होतं. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. आता दुरुस्तीला कुणी टीव्ही आणत नाही म्हणून जुन्या वस्तू विकतो. शेजारच्या कापड दुकानाचे शेठ चहा घेत बसले होते. मशीन काउंटरवरच होतं. पाचोऱ्याहून आलेल्या एका पोत्यात ते निघालं, असं चाचा म्हणाले.

मी गप्प राहून दोन हजार काढून द्यायचे होते. पण मी म्हणालो, "चाचा, मी शिक्षक माणूस, खोटं बोलणार नाही. हे माझंच आहे. हे बघा, माझं नाव."

चाचांनी चष्मा चढवला. मला वाटलं, विश्वास बसला नसेल. म्हणून मी आधार कार्ड काढून दिलं. त्यांनी मशीन आणि कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. मग कार्ड मला परत दिलं.

"नाव बराबर आहे," ते म्हणाले. "साडेसात हजार."

"अहो, गटावर दोन हजार सांगितले होते!"

"ते दुसऱ्यांसाठी, सर. दुसऱ्यांसाठी हा खराब माल आहे. तुमच्यासाठी दुनियेत एकच पीस आहे. तुम्हीच बोला, एकच पीस असेल तर भाव काय होतो?"

"पण वस्तू माझी आहे."

"म्हणून तर तुम्हालाच देतो ना."

शेठनी कप खाली ठेवला. "मास्तर, आधी भाव करायचा, मग ओळख सांगायची. इतके शिकले तुम्ही!"

शेवटी सहा हजारांवर ठरलं. चाचांनी मशीन लावून, चालवून दाखवलं, स्वच्छ पुसून दिलं आणि दोन्ही कंट्रोल नव्या वायरसकट बांधून दिले. त्या बाबतीत तक्रारीला जागा नव्हती.

आखाजीला अक्का भडगावला माहेरी आली, मीही गेलो. जेवणात आमरस होता, सांजोऱ्या होत्या. दुपारी सगळी आडवी झाल्यावर मी जुना डबा टीव्ही काढला. बंद पडला नाही तोवर वस्तू फेकायची नाही, हा मायचा नियम. त्यामुळे तो धान्याच्या कोठीशेजारी शाबूत होता. मग पिशवीतून मशीन काढून अक्कासमोर ठेवलं आणि दोन वाक्यं बोललो. भाषणातलीच होती, थोडी आखडून, आणि तसं मी तिला सांगितलंही.

अक्काने मशीन उलटं केलं. नाव वाचलं. खालच्या ओळीतल्या 'व'वरून बोट फिरवलं आणि हसली.

"कितलाले लिधं?"

"असंच मिळालं. फुकट."

"खोटं नको बोलू. तुनं तोंड सांगी ऱ्हायनं." मग ती सहज म्हणाली, "हाई मनं व्हतं, भाऊ."

मला वाटलं, तिने आणलं होतं म्हणून 'माझं' म्हणते. मी म्हणालो, "हो ना, तूच तर मला आणून दिलं होतंस."

"तुले कसाले दिसू? पिकोना पहिला पैसामा लिधं व्हतं. मनासाठे. तू शाळामा जाये, मंग मी खेये." तुला कशाला देऊ, स्वतःसाठी घेतलं होतं, हे ती मोजक्या शब्दांत सांगत होती, तक्रार करत नव्हती. दुपारी शिलाईचं काम संपलं की तास-दीड तास ती रणगाड्यांचा गेम खेळायची. शेवटच्या भिंतीपर्यंत पोचली होती. मी शाळेतून यायचो आणि ती मशीन माझ्यापुढे सरकवायची. मी तेवढंच पाहिलेलं.

"मग मी नेलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"मायले इचारं मी." तिने कोठीजवळ पडलेल्या मायकडे हनुवटीने दाखवलं. "माय बोलनी, त्यानं नाव शे त्यावर, तो लई गया."

माय झोपलेली नव्हती. डोळे न उघडताच म्हणाली, "नाव टाकनारा इचारे, कोनं नाव टाकू? पोऱ्यानंच सांगतस ना बठ्ठा. पोरनं नाव कोन टाकस? ती तर सासरले जास." थोडं थांबून तिने आणखी एक गोष्ट सांगितली, समजूत घालावी तशी : हंड्यावरही माझंच नाव आहे.

इतक्या वर्षांची भाषणं एकामागून एक डोळ्यांपुढे येत होती. डोळे पुसणाऱ्या मुलींसकट. त्यांतल्या काहींची शाळा पुढे दहावीनंतर सुटली असेल. मी कधी चौकशी केली नव्हती.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणालो.

"आते पोरेस्ले काय सांगशी भाषणमा?" ती म्हणाली, आणि खरंच हसली. "सहा हजार गया तुना?"

मी चमकलो. आकडा मी सांगितलाच नव्हता.

"बिल शे ना पिशवीमा," अक्का म्हणाली. "चल, लाव."

मी वायर जोडली. टीव्हीवर मुंग्या आल्या, मग चित्र स्थिर झालं. सवयीने मी पहिलं कंट्रोल उचललं. अक्काने नुसता हात पुढे केला. मी ते तिच्या हातात दिलं आणि दुसरं घेतलं. त्या दुसऱ्या कंट्रोलला सुरू करायचं बटणच नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पडद्यावर एक की दोन खेळाडू असं विचारणारी ओळ होती. अक्का तिच्याकडे निवांत बघत बसली होती, आणि ती कधी बटण दाबते याची मी वाट पाहत होतो.