पांढऱ्या साडीतले अठ्ठावीस पंख

हर्सूलच्या त्या गल्लीत अजून कुजबुज चालते की, रत्नमालाबाईंच्या सुनेनं, सुकेशनीनं, ऐन भाद्रपद पौर्णिमेला, उपोसथाचं शील घेतलेलं असताना, अंगावर पांढरी साडी असताना, स्वयंपाकघराचं दार लोटून कोंबडीचे अठ्ठावीस पंख खाल्ले. आणि सासू अशी थोर की, दुसऱ्या दिवशी भर विहारात उभी राहून तिनं सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला.

अठ्ठावीस हा आकडा एकदम आलेला नाही. पहिल्या संध्याकाळी तो एक होता. सकाळी नळावर पोचेपर्यंत चार झाला, किराणा दुकानात दहा. अठ्ठावीसला तो थांबला, कारण त्यापुढं बाईमाणसाच्या पोटात मावत नाही, असं शेजारच्या सुलेखाबाईंचं मत पडलं. गल्लीत हिशेब असा चालतो. तिथं खोटं कुणी बोलत नाही, फक्त जरा हात सैल सोडून वाढतात.

रत्नमालाबाईंनी बावीस वर्षं मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक केला. नव्वद पोरींची आमटी, नव्वद पोरींचा भात. मीठ मुठीनं, तिखट डोळ्यानं, आणि वरण शिजलं का ते वासानं. चाखून बघणं त्यांना मान्यच नव्हतं. कुणी चमचा पुढं केला तर म्हणायच्या, "मला काय नवी समजतेस व्हय?" नवरा मोतीराम एसटीच्या वर्कशॉपात होता, सहा वर्षांपूर्वी गेला. जाईपर्यंत त्यानं बायकोला एकदाही मीठ कमी आहे म्हटलं नाही. एकतर ते कमी नसायचं, आणि असतं तरी म्हणायची त्याची छाती नव्हती.

हाच कडकपणा विहारात. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि दर पौर्णिमेला आठ शीलं. म्हणजे दुपारी बाराच्या आत जे काय खायचं ते साधं खाऊन घ्यायचं, नंतर दुसरा दिवस उजाडेपर्यंत फक्त पाणी. अकरा वर्षांत रत्नमालाबाईंचं एकही शील मोडलं नव्हतं. दुसऱ्यांची मोडतात का, यावरही त्यांचं बारीक लक्ष असायचं. ते काम त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनी आपणहून घेतलं होतं. मागच्या वर्षी सुलेखाबाईंना दुपारी चारला चक्कर आली. साखरेचा त्रास. त्यांनी पर्समधून एक बिस्कीट काढून तोंडात टाकलं, आणि नेमकं ते रत्नमालाबाईंनी पाहिलं. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "शील घ्यायचं आन् पर्समधी पुडा ठेवायचा, हे बरं हाय!" सुलेखाबाई हसल्या. ते हसू त्यांनी वर्षभर जपून ठेवलं.

तर यंदा काय झालं, की रत्नमालाबाईंचा मुलगा प्रणय वाळूजच्या कंपनीत कायम झाला. चार वर्षं कंत्राटावर काढली होती पोरानं. लाईनवरच्या पोरांना पार्टी कबूल केली. आईला म्हणाला, "आई, विंग्ज करू. गोड-तिखट. हॉटेलात सहा तुकड्यांची प्लेट देतात, आपण परात भरून करू."

"कधी?"

"येत्या सुट्टीला."

रत्नमालाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्या चौकोनात गोल चंद्र छापलेला होता.

"मी लाल रंग बघितला, आई. चंद्र नाय बघितला," प्रणय डोकं खाजवत म्हणाला. तोवर सोळा जणांना आमंत्रण गेलं होतं.

रत्नमालाबाईंनी दोन दिवस स्वतःशी वाद घातला. खाणारी पोरं, शील त्यांचं नाही. आपण फक्त करायचं, तोंडात घालायचं नाही. चाखायची सवय तर आपल्याला नाहीच. मग हरकत काय? त्यांच्यासारख्या बाईला आपलंच म्हणणं पटायला दोन दिवस लागले, हेच खरं तर फार झालं.

सुकेशनी मे महिन्यात लग्न होऊन आलेली. सिल्लोडकडची पोर, बोलायला कमी, वाचायला खणखणीत. विहाराचे संघपालदादा वाचनाची पाळी लावायचे. त्यांनी त्या पौर्णिमेचं वाचन तिला दिलं होतं. नव्या सुनेला हा मान एवढ्या लवकर मिळत नाही. आठवडाभर ती भांडी घासतानासुद्धा तोंडातल्या तोंडात तेच पुटपुटत होती. श्वास कुठं घ्यायचा तिथं तिनं पेन्सिलीनं बारीक टिंबं दिली होती. तिनंही सासूबरोबर उपोसथ धरला होता.

टी पॉइंटच्या चिकनवाल्याला दोन दिवस आधी सांगून चार किलो पंख जमवले. रत्नमालाबाईंनी त्यांची टोकं उडवली, सांध्यावर दोन-दोन तुकडे केले, लिंबू-मीठ-तिखट लावून ठेवले. मक्याच्या पिठात घोळवून एकदा तळले, गार केले, परत तळले. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. मग पाक. प्रणयच्या मोबाईलमधल्या कृतीत मध होता, रत्नमालाबाईंनी गूळ घेतला. त्यात ठेचलेला लसूण, भिजवून वाटलेल्या लाल मिरच्या, थोडं व्हिनेगर आणि सवयीनं मुठीतलं मीठ. तो लालभडक पाक तारेवर यायला लागला तेव्हा त्यांना आठवलं, प्रणयनं एक काळ्या सॉसची बाटली आणून ठेवलीय. ती त्यांनी अर्धी ओतली. ओतल्यावर वास घेतला. मग बोट नुसतं जिभेजवळ नेलं आणि मागं घेतलं. बाटलीत मीठच मीठ होतं!

पंखांना मीठ, पाकात मीठ, बाटलीत मीठ. बावीस वर्षांचा अंदाज तिथं आडवा झाला. त्यांनी पंख पाकात घोळवले, वर तीळ टाकले. दिसायला असे देखणे झाले की बघत राहावं. पण मिठाचं काय?

प्रणय खुर्च्या आणि बर्फ आणायला गेला होता. दहा मिनिटांत आला असता. गल्लीत पोरं खेळत होती, एकाला हाक मारली असती तर चार धावत आली असती. पण हाक मारून विचारायचं काय? "बघ रे, मीठ बरोबर हाय का?" हे वाक्य रत्नमालाबाईंनी जन्मात उच्चारलं नव्हतं. ते उच्चारण्यापेक्षा शील मोडणं त्यांना त्या क्षणी सोपं वाटलं. माणूस कशाला अडतो बघा.

त्यांनी दार लोटलं. बाहेरच्या खोलीतून सुकेशनीच्या वाचनाचा आवाज येत होता. त्यांनी परातीतला पंख उचलला. चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे, असं मनाशी म्हणाल्या आणि दात लावला. आधी गूळ लागला, मग मिरचीनं कान गरम झाले, आणि वरचं कुरकुरीत कवच मोडल्यावर आतलं मांस हाडावरून आपोआप सुटून आलं. मीठ अगदी बरोबर होतं. तिथं थांबायला हवं होतं.

हाड ताटलीत पडलं आणि मागच्या दारात सुलेखाबाई उभ्या! विहारात जायला बोलवायला आलेल्या.

"अगंबाई, रत्नमालाताई! पांढऱ्या साडीत कोंबडी?"

"पोरांसाठी हाय," रत्नमालाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या.

सुलेखाबाईंची नजर ओट्यावरून फिरत ताटलीवर आली. "पोरं तर अजून यायचीत. मग हे हाड कुणाचं?"

आवाज ऐकून सुकेशनी आत आली. तिनं हाड पाहिलं, सासूचा चेहरा पाहिला, पदराच्या टोकावरचा लाल डाग पाहिला. पापणी लवायच्या आत म्हणाली, "माझं, काकू. मीठ बघत होते."

"मीठ बघत होतीस? अगं, हाड चाटूनपुसून लख्ख केलंय! मीठ काय हाडाच्या आत शोधत होतीस व्हय?"

रत्नमालाबाईंच्या तोंडात शब्द आला नाही, असं त्या नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होत्या. शब्द आला होता. त्यांनी तो पंखाबरोबर गिळला.

विहारात त्या पोचायच्या आधी बातमी पोचली. वंदना झाली. संघपालदादांनी वाचनाची वही उघडली, घसा खाकरला. सुकेशनीकडं न बघता म्हणाले, "आजचं वाचन... सुलेखाताई, तुम्ही करता का?"

सुलेखाबाईंनी चष्मा पुसला. त्या एकेक शब्द पारखून घेतल्यासारख्या वाचत होत्या, ओळ सुटत होती, परत मागं येत होत्या. सुकेशनी शेवटच्या रांगेत बसलेली. तिचे ओठ आवाज न करता हलत होते. टिंबाच्या जागी ती बरोबर श्वास घेत होती. रत्नमालाबाईंना ते दिसत होतं. अकरा वर्षं पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाईला त्या दिवशी सारखं मागं वळून बघावं लागत होतं, आणि बघवत नव्हतं.

साडेसातला गच्चीवर पोरं जमली. परात खाली टेकायच्या आत रिकामी होत होती.

"काकू, वाळूजच्या नाक्यावर गाडा टाका, आम्ही कंपनी सोडून तुमच्याकडं लागतो!"

"काकू, मीठ असं जमलंय ना!"

रत्नमालाबाईंना तो शब्द सुईसारखा टोचला. सुकेशनी ताटल्या भरून नेत होती. प्रणयच्या कानावर गल्लीतून गेलंच होतं. तो मित्रांसमोर हसत म्हणाला, "तू पण घे की एक. तुझं तर दुपारीच सुटलंय!" पोरं हसली. सुकेशनीही हसली, आणि रिकामी परात घेऊन खाली आली. दुपारच्या बारापासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

रत्नमालाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"का बोललीस तू तसं?"

"मग काय करायचं, आई? तुम्ही अकरा वर्षं कमावलंय. मी मेमधी आलेय. माझं अजून जायला हाय काय?"

"तुझं वाचन गेलं, पोरी."

"जाऊ द्या," सुकेशनी म्हणाली, पण परात तिनं जरा जोरातच ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी वंदना संपताच रत्नमालाबाई उभ्या राहिल्या. आवाज वसतिगृहातलाच निघाला. "काल पंख मी खाल्ला. सुकेशनीनं खाल्ला नाय. ती माझ्यासाठी खोटं बोलली आन् मी गप बसले. आन् सुलेखा, मागल्या वर्षी तुला चक्कर आली होती, मी सगळ्यांत तुझं बिस्कीट काढलं. माझी चूक झाली."

मग सुलेखाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बघा," त्या हुंदका देत म्हणाल्या, "सुनेसाठी स्वतःवर घेतलं. अकरा वर्षांचं शील पणाला लावलं! अशी सासू मिळायला नशीब लागतं."

"अगं, मी खरंच खाल्ला!"

"आम्हाला काय तुम्ही ठाऊक नाहीत, ताई? तुम्ही तर स्वतःची आमटीसुद्धा चाखत नाही."

बायका माना हलवत होत्या. संघपालदादा भारावून गेले. त्यांनी वही उघडली. "रत्नमालाताईंच्या शब्दाखातर," ते म्हणाले, "सुकेशनीला एक संधी देऊ. पोर आहे, चुकली. आजचं वाचन तिनं करावं."

सुकेशनी पुढं आली. न केलेल्या चुकीची माफी मिळवून तिनं वाचलं. कालचा भाग गेला होता, आजच्या पानावर एकही टिंब नव्हतं, तरी असं वाचलं की मागच्या रांगेतली लेकरंसुद्धा गप्प झाली. शेवटी सगळ्यांनी शाबासकीचं "साधू" तीनदा म्हटलं. त्यातला निम्मा सासूच्या नावाचा होता. रत्नमालाबाईंना तो ओल्या चादरीसारखा अंगावर जड झाला.

घरी येताना त्या म्हणाल्या, "उद्या परत सांगते. एकेकीच्या घरी जाऊन सांगते."

सुकेशनी थांबली. "आई, आता नका सांगू. अजून एकदा सांगितलं तर तुमचा सत्कार करतील."

तरी त्यांनी सांगितलं. नळावर सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं. बायका त्यांचा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असू द्या हो, सून तुमची, तुम्ही झाकणारच." त्या जितकं सांगत तितका त्यांचा मान वाढत गेला, आणि तितके सुकेशनीच्या नावावरचे पंख. सुलेखाबाई तर परगावच्या पाहुण्यांनाही ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना रडतात. पुढच्या पौर्णिमेला रत्नमालाबाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. लोक म्हणाले, "बघा, किती नम्र!"

यातलं खरं एवढंच आहे. सुकेशनीनं त्या दिवशी एकही पंख खाल्ला नाही. विहारात उभं राहून रत्नमालाबाईंनी एक खाल्ल्याचं सांगितलं, तेही पुरतं खरं नव्हतं. त्यांनी दोन खाल्ले. पहिल्याचं हाड कोथिंबिरीच्या देठांखाली कचऱ्याच्या डब्यात होतं. मीठ पहिल्यातच कळलं होतं. दुसरा त्यांनी आवडला म्हणून खाल्ला.