चिमूरजवळची विहीर आणि वीस मिनिटं उकळलेलं पाणी

आलापल्लीचं सागाचं जंगल पुन्हा बघायला चालले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला वाटेत चिमूरपलीकडे वनिताकडे, माझ्या मावसबहिणीकडे, थांबायचं होतं. गेल्या हिवाळ्यात तिचं तान्हं बाळ निळं पडलं होतं.

नागपूरहून उमरेड, भिसीमार्गे चिमूर. गाडीने अडीच-तीन तास धरा. उमरेडला तर्री-पोहे जरूर खा. मी मात्र ते न खाताच पुढे निघाले.

वनिताच्या अंगणात विहीर आहे आणि विहिरीला लागून शेणाचा उकिरडा. बाळ आजारी पडायच्या महिनाभर आधी मी इथे राहून गेले, तेव्हाही तो होता. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शेणामुतातल्या नत्राचं जिवाणू आधी अमोनिया करतात, मग नायट्राइट, मग नायट्रेट, आणि ते झिरपत विहिरीत उतरतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी तेव्हा मोठ्या शहाणपणाने सांगून आले, "बाळाच्या पावडरच्या दुधाला पाणी चांगलं वीस मिनिटं उकळ." उकळल्याने जिवाणू मरतात. त्यांनी करून ठेवलेलं नायट्रेट तसंच राहतं, पाणी आटलं की उलट वाढतं. तान्ह्या पोटात त्याचं पुन्हा नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू पोचवेनासं होतं.

बाळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, "पाण्याने झालं." घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, वनिताने पाणी उकळलंच नाही.

"मी तर उकळूनच देत होती, ताई," भात वाढताना ती म्हणाली. "आता माया हातचं पानी कोनी पेत नाई. लेकरालेबी पाजू देत नाई."

बाळाला आता नळाचं पाणी आजीच्या हातून मिळतं. जेवण झाल्यावर मी त्या सासूबाईंना उकिरडा दाखवला, तो विहिरीत कसा उतरतो ते समजावलं.

"हे विहीर माया सासऱ्यानं खंदली, बाई," त्या म्हणाल्या. "आमी सारे पेऊन राह्यलो, आमाले काई झालं नाई. तिले काऊन नावं ठेवता?"

आता सांगायचं एकच वाक्य उरलं होतं, उकळायला मीच सांगितलं होतं. वनिता दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिने घरात माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मी भाताची तारीफ केली आणि निघाले.

आलापल्लीला जायचं तर मुक्कामाची सोय आधी करून ठेवा. साग उंच आहे. बाकी मला काही आठवत नाही.

घरात तान्हं बाळ असेल तर विहिरीचं पाणी तपासून घ्या, नुसत्या उकळण्यावर भिस्त ठेवू नका. माझी कबुली तुम्ही वाचलीत. वनिताच्या सासूबाई ती वाचणार नाहीत. त्यांना वाचता येत नाही, आणि लिहायला बसले तेव्हा हे मला ठाऊक होतं.