अंगणातलं काळीज

"साहेब, हात आडवे करा! रगत मागं फिरलंय!"

नगरच्या आमच्या नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत आमच्या वर्गातली पारनेरवाली अशी गरजली की तिकडे कर्जतच्या बैलांनीसुद्धा कान टवकारले असतील. एरवी खुर्चीवर बसवून प्रश्न विचारला की ही मुकी. त्यापायी आधी नापास झालेली. या खेपेला पुन्हा तेच झालं तर कायमची घरी रवानगी. आम्हाला मात्र ती रोज अंगणात रक्ताभिसरण शिकवायची. फरशीचे चार चौकोन म्हणजे काळजाचे चार कप्पे, पिंपळ म्हणजे फुप्फुस, आणि आम्ही मुली म्हणजे रक्त. आवाज मोटेवर बैल हाकून कमावलेला. चुकायची कुणाची बिशाद!

परीक्षक साहेबांनी नेमकं रक्ताभिसरणच विचारलं. ही ताडकन उठली, सगळ्यांना अंगणात घेऊन गेली आणि एक मुलगी कमी पडली म्हणून साहेबांनाच दोन कप्प्यांमधली झडप केलं. उजव्या कप्प्यांतून पिंपळाकडे, तिथून डाव्या कप्प्यांत, तिथून अंगभर. आम्ही असे धावलो की धुळीनं सूर्य झाकला. साहेबांनी घाम पुसत तिला पहिला नंबर दिला!

मेट्रनबाई कडाडल्या, "एवढ्या मोठ्या साहेबांवर ओरडतेस?"

ती म्हणाली, "झडप मिटत न्हवती, बाई."