वाहक म्हणजे काय?

पेपर रद्दीत जातात, उत्तरं मात्र माझ्याकडेच राहतात. डहाणूच्या एका कॉलेजात मी बायोलॉजी शिकवते. प्रश्न दरवर्षी तेच: ऑस्मोसिस, हृदयाचे कप्पे, आनुवंशिकता. पोरं नवी येतात, त्यामुळे उत्तरांची काही गॅरंटी नाही. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो ताडीचा किस्सा सांगा ना." म्हणून आधी तोच.

*

फर्मेंटेशनचं उदाहरण द्या म्हटलं की अख्खा वर्ग इडली-ढोकळा लिहितो. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, तुमच्या गावात दुसरं काहीच आंबत नाही का?"

मागच्या बाकावरून सरावलीचा विलास दबकत म्हणाला, "मॅडम, ताडी लिहिली तर मार्क कापाल का?"

"लिहितोस कशाला, घेऊनच ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजी ताडी हजर. एक बाटली उन्हात ठेवली. दुसरी तुलनेसाठी फ्रिजमध्ये, तिला आमच्या भाषेत 'कंट्रोल' म्हणतात. दुपारी उन्हातली मस्त फसफसली. फ्रिज उघडला, तर बाटली रिकामी. शेजारी आमचे लॅब असिस्टंट काशिनाथभाऊ उभे, चेहरा अगदी निर्मळ.

"भाऊ, कंट्रोल कुठे गेला?"

"एवढ्या उन्हात नाही राहिला, मॅडम."

*

आनुवंशिकतेचा धडा एका परदेशी पाद्र्याच्या वाटाण्यांपासून सुरू होतो. तोंडी परीक्षेत मी गंजाडच्या जयवंतीला विचारलं, "प्रयोगासाठी वाटाणेच का निवडले?"

जयवंती म्हणजे फार गंभीर मुलगी. थोडा विचार करून म्हणाली, "त्यांच्याकडे वाल होत नसणार."

मला हसू आवरेना. बाहेरून आलेले परीक्षकही हसले. ती मात्र ठाम. "वाल असते तर वाटाण्याला कोण हात लावतो, मॅडम?"

पूर्ण मार्क दिले. आमच्या भागात वालाबद्दल वाद घालायचा नसतो.

*

इंग्रजी अडलं तर मराठीत लिहा, अशी मी चाचणीत सूट देते. त्याची फळं मलाच भोगावी लागतात. प्रश्न होता, वाहक म्हणजे काय? म्हणजे ज्याच्या अंगात आजाराचं एकच जनुक आहे, त्याला स्वतःला त्रास नाही, पण ते पुढच्या पिढीत जाऊ शकतं, असा माणूस. हे मी घसा फोडून शिकवलं होतं.

आमच्या विलासने लिहिलं, "वाहक एसटीत असतो. त्याला स्वतःला त्रास नसतो. त्रास प्रवाशांना होतो."

मी वर्गात वाचून दाखवलं. पोरं बाकं बडवून हसली. जयवंती तेवढी हसली नाही. तास संपल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी वाहक आहे. सिकलसेलची."

कॉलेजातल्या तपासणीत तिला कळलं होतं. धाकट्या भावाला तर रक्ताचा तो आजारच होता. सांधे दुखायला लागले की पोरगा रात्रंदिवस कण्हायचा. घरात सगळ्यांना वाटायचं, कुणीतरी करणी केलीय. भगताकडेही नेऊन झालं होतं.

*

पुढचं तिनेच सांगितलेलं. घरी जाऊन तिने अंगणात कोळशाने चार घरांची चौकट आखली. पांढरे वाल चांगल्या जनुकाचे, काळे आजाराचे. एक पांढरा, एक काळा बापाच्या हातात दिला, तसेच दोन आईच्या हातात. मग एकेक करून घरं भरली. एका घरात दोन्ही काळे आले.

"हा आपला बारक्या," ती म्हणाली. "तुम्हाला दोघांना काही नाही, पण दोघांकडून एकेक काळा त्याला गेला."

बाप चौकटीकडे बघत बसला. आईने विचारलं, "म्हणजे पोटुशी असताना मी गिराणात बाहेर गेले, त्याने नाही झालं?"

"नाही गं, आई."

आई तिथेच बसून रडली. इतकी वर्षं ग्रहणाचं ते ओझं ती एकटीच वागवत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मला हे सांगताना जयवंतीनेही डोळे पुसले. मी काशिनाथभाऊंना लॅबमध्येच दोन चहा आणायला सांगितले.

*

मग तिला उधव्याचं स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, स्वभावाने गरीब, आणि हिला आवडलेला. हिने बापाला सांगितलं, आधी त्याचं रक्त तपासा, मग बोला. बाप भडकला. "मुलाकडच्यांना असं विचारतात? बैल घ्यायला निघालोय का?"

ती माझ्याकडे आली. "मॅडम, तोही वाहक निघाला तर?"

मी पुस्तकातलं सांगितलं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता पंचवीस टक्के. म्हणजे पंचाहत्तर टक्के...

"बारक्याचेही पंचवीसच होते, मॅडम."

पंचवीस टक्के मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. "त्यालाच विचार," एवढंच म्हटलं. तिने विचारलं. तो लगेच सरकारी दवाखान्यात रक्त देऊन आला. रिपोर्टला वेळ लागणार होता. तोवर जयवंती वर्गात बसायची, पण वहीत फक्त चौकटी काढायची. काशिनाथभाऊ रोज मला विचारायचे, "आला का हो पोरीचा निकाल?"

*

परवा ती पेढे घेऊन लॅबमध्ये आली. म्हणाली, "ठरलं, मॅडम." मी पेढा तोंडात टाकला.

"आणि मॅडम, मुलगा वाहक आहे."

पेढा घशातच अडकला. काशिनाथभाऊ टेबल पुसत होते, त्यांचा हात थांबला. मी तिला जवळ घेतलं. कसंबसं म्हटलं, "रिपोर्ट नीट वाचलास ना, बाळा?"

"वाचला की. नॉर्मल आहे."

"अगं, मग वाहक कसा?"

"एसटीत, उधवा गाडीवर," जयवंती म्हणाली. "त्याला स्वतःला काही त्रास नाही, मॅडम. असलाच तर प्रवाशांना."