खिंडीत न सापडलेलं फुलपाखरू

लंडनजवळ पिनरच्या आमच्या घरी, माझ्या टेबलावर काचेच्या पेटीत एक फुलपाखरू टाचलेलं आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढं, तांब्याच्या रंगाचं. टाचणीखाली चिठ्ठी असते: कुठे मिळालं, किती उंचीवर. या छंदात फुलपाखरापेक्षा चिठ्ठीला मान. माझी चिठ्ठी खोटी आहे.

निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको तुर्कस्तानच्या पूर्वेकडच्या कोरड्या डोंगरांत गेलो होतो. पकडलेलं फुलपाखरू कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवायचं आणि तिथेच पुडीवर जागा लिहायची, असा नियम. मी पेन्सिलने लिहिलं आणि पुड्या घामट खिशात कोंबल्या. घरी येऊन पाहतो तर या पुडीवरची अक्षरं पुसलेली. खालची दरी असेल, नाहीतर वरची खिंड. तेवढ्या उंचीवर ही जात कुणाला मिळाली नव्हती. मी खिंड लिहिली.

आमच्या हौशी फुलपाखरू-संग्राहकांच्या मंडळाच्या अंकात ते छापून आलं. भाषणांची बोलावणी आली. प्रत्येक भाषणात मी खिंडीतला वारा थोडा वाढवायचो. पुढेपुढे तो मला खरंच आठवू लागला. आता माघार कुठून घेणार?

मग ब्रिस्टलला संशोधन करणारी पुण्याची एक मुलगी घरी येऊ लागली. माझ्या नोंदीवर विसंबून तिने दोन उन्हाळे त्या खिंडीतली काटेरी झुडपं धुंडाळली. हाती काही नाही. गेल्या रविवारी पोहे खाताना म्हणाली, "काका, तुमच्या फुलपाखराने माझ्या सगळ्या सुट्ट्या खाल्ल्या. या जुलैत शेवटचं जाते. नाही दिसलं तर थीसिसमध्ये लिहीन, उष्णता वाढली म्हणून तिथून नाहीसं झालं."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. "अहो, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी सांगितलं.

मुलीने बशी खाली ठेवली. "म्हणजे दरीतलं?"

"तेही नक्की नाही."

"काका, निदान खोटं तरी ठाम बोलायचं."

कुणी हसलं नाही. तिने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर सरकवला. "मंडळाला मेल लिहा. आत्ता, मी इथे असताना."

एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बायको. मी दोन बोटांनी टाइप करत होतो. तिसऱ्या ओळीत मी 'बहुधा चूक झाली' असं लिहिलं. तिने 'बहुधा' खोडलं. बायकोने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "चूक नाही. यांनी मुद्दाम लिहिलं."

तेही मी टाइप केलं.