चिन्नोरच्या साच्यातला मणका

बाबूभाई पेंटर हसायचे तेव्हा आधी सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं फिस्स व्हायचं, आणि मग छातीतून खी-खी-खी. ते हसू मला हुबेहूब जमतं. पण आता ते काढलं की शेजारच्या अंगणात खुर्शीदाचाची बादली भरता भरता थांबते. बाबूभाई तिचा नवरा. म्हणून मी ते शाळेतच काढते.

आमच्या मूल गावच्या राईस मिलमध्ये पोत्यांवर तांदळाचं नाव छापायला साचा लागतो, आणि साचे कापायचे बाबूभाई. पत्र्याचा साचा गंजतो, पुठ्ठ्याचा रंगानं फुगतो. एक्स-रेची जुनी प्लेट मात्र टिकते. चंद्रपूरच्या एका दवाखान्यातला कंपाउंडर त्यांना टाकाऊ प्लेटा द्यायचा. आमच्या दोन घरांमधल्या बोळात त्या दोरीवर चिमट्यांनी लटकायच्या: कुणाचा गुडघा, कुणाच्या फासळ्या, आणि मणकेच मणके. सकाळी मागून ऊन आलं की सगळे उजळायचे. बाबूभाई ओळख करून द्यायचे.

"हा कना पाह्य, कसा उसासारखा! आन् हा? पार वाकला. हा नक्कीच मास्तर होता."

हायस्कूलच्या प्रयोगशाळेत भिंतभर सांगाडा त्यांनीच रंगवलाय. विज्ञानाच्या दादाजी सरांनी कुठल्याशा वाळवी लागलेल्या इंग्रजी पुस्तकातलं चित्र दिलं होतं: हाडांचा माणूस, पाठमोरा, एका हातानं झाडाची फांदी धरून उभा. बाबूभाईंनी फांदीला मोहाची पानं काढली. सर म्हणाले, "अहो, पण मूळ चित्रात..." सरांचं कुठलंच वाक्य पुरं होत नाही.

"सर, हा मानूस आपल्या इकडचा हाय. मोहाखालीच उभा राहीन ना!"

२००१ च्या हिवाळ्यात त्यांची स्वतःची पाठ धरली. संध्याकाळी ताप, अंगभर घाम. चाचीनं हाकलून चंद्रपूरला पाठवलं. एक्स-रेचा फोटो निघाला. कंपाउंडर नाकातून बोलला, "ओंली हाय अजून. वाळवूंन घ्या, आन् मंगळवारी मोंठ्या डॉक्टरले दाखवा."

ओली प्लेट वाळवायची जागा ठरलेलीच होती. बोळातली दोरी.

दुसऱ्या दिवशी मुखरूभाऊ आले. हे मिलचे मुकादम. मशीन बंद असलं तरी ते मशीन चालू असल्यासारखेच बोलतात. "बाबूभाई! गाडी लागून राह्यली! चिन्नोर भरून राह्यलो, आन् साचा फाटला! आत्ता पायजे, आत्ता!"

बाबूभाईंनी दोरीवरून हाताला आली ती प्लेट ओढली, खडूनं अक्षरं आखली, ब्लेड फिरवलं. वर तांदळाचं नाव 'चिन्नोर', खाली गावाचं 'मूल'. साचा गेला. संध्याकाळी तुकडे झाडताना कोपऱ्याची एक पट्टी सापडली. तिच्यावर त्यांचंच नाव उमटलेलं.

फिस्स. खी-खी-खी. "पाह्य व पोरी, मी चिन्नोर झालो!"

मंगळवार आला. चाची चप्पल घालून दारात उभी. "चलो जी."

"प्लेटच नाई तर डॉक्टरले काय दाखवू, थोबाड? हंगाम होऊ दे, दुसरी काढू."

हंगाम संपला, मग लग्नांच्या कमानी रंगवायला आल्या. चाची रोज म्हणायची, "आज चलो." ते रोज म्हणायचे, "कल." मे महिन्यात भिंतीवर अक्षर काढता काढता ते खाली बसले. "मुंग्या आल्या पायाले," म्हणाले. मुंग्या गेल्या. पायही गेले.

नागपूरला नेताना माझे बाबा सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा एक्स-रे?" चाचीनं पिशवीतून साचा काढला. मिलमधून मागून आणून घासलेटनं पुसलेला. डॉक्टर हसले. मग त्यांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला. 'चिन्नोर' लखलखलं, 'मूल' लखलखलं, आणि दोन ओळींच्या मधल्या पट्टीत दुखरा मणका न कापता राहिला होता. डॉक्टर हसायचे थांबले. शेजारी त्यांनी नवी प्लेट लावली. तिच्यात त्या जागी नुसता चुरा होता.

"हाडाचा टीबी आहे. तेव्हा एवढीशी कडच खाल्ली होती," ते बोटानं दाखवत म्हणाले. "गोळ्यांनी थांबला असता."

"आन् आता?" चाचीनं विचारलं.

"गोळ्या देतो. जीव वाचेल. पायांची आशा धरू नका."

बाबूभाई स्ट्रेचरवर पडून सगळं ऐकत होते. बाबा म्हणतात, साच्याकडे बघूनही ते हसले नाहीत. साचा डॉक्टरांनी ठेवून घेतला, शिकणाऱ्या पोरांना दाखवायला.

पुन्हा हिवाळा आला. मुखरूभाऊ बोळात आले आणि चक्क हळू बोलले. मला तो आवाज काढता येत नाही. "बाबूभाई, साचा पायजे होता... जमन का?"

दोरी रिकामी होती. बाबूभाईंनी खाटेवरून हात लांब केला. "खुर्शीदा, वो नागपूरवाली प्लेट ला."

"वो तो डॉक्टर को दिखानी है जी."

"क्या दिखाना है अब?"

चाचीनं आणून दिली. त्यांनी कुशीवर वळून फळीवर प्लेट ठेवली. साचा कापताना ते खालची कड पायानं दाबायचे. या वेळी ती चाचीनं धरली. त्यांनी खडूनं आखलं, मग मुखरूभाऊंकडे बघून म्हणाले, "मोठी हाय. दोन साचे निघतीन."

ब्लेड चुऱ्यावरून सरळ गेलं.